सीडीवरच्या बरगड्या

रामला, इस्रायल, १९९८. रविवार, संध्याकाळ.

आज हसू काही आवरत नाही. शिकाऊ सर्जनांसाठी छातीत नळी कशी घालायची याची सीडी बनवतोय, तिचा पहिला भाग आज सगळ्यांना दाखवला. पडद्यावर मी अगदी ऐटीत हिब्रू बोलतोय. पेशंटच्या बरगडीवर बोट ठेवलं आणि सुरू: "एक, दोन, तीन, चार, पाच." चक्क मराठीत. म्हणजे इतकी वर्षं मी असाच मोजतोय? आणि कोणी बोललं कसं नाही?

म्हटलं, एवढा तुकडा परत रेकॉर्ड करू. नोआ, आमच्या शिकाऊ सर्जनांतली नवीन, नळी घालायला अजून घाबरणारी, म्हणाली, "राहू दे ना. लक्षात राहतं."

दुपारी वॉर्डात खरोखरच नळी घालायची वेळ आली. मी नोआला पुढे केलं. बोट बरगडीवर टेकलं आणि ती पुटपुटली, "एक, दोन, तीन..." पाचवर थांबली, नळी तिथेच घालायची असते. हात स्थिर. नळी नीट बसली, पेशंटचा श्वास मोकळा झाला.

तो तुकडा आता राहणार.

डिमोना गावी राहणाऱ्या आईला फोन केला. मला आकडे तिनेच शिकवलेले. सगळं ऐकून म्हणाली, "पाचवरच थांबलास? मी तर शंभरपर्यंत शिकवले होते."