बंदीतली बोहनी

आये, ह्या वर्षीच्या मासेमारीच्या बंदीत मी अर्धी लादी बर्फ विकत घेतला. होड्या किनाऱ्यावर ताडपत्री पांघरून बसलेल्या, बाजारात सुकटीशिवाय काही नाही, पाऊस धरलेला, आणि तुझी मुलगी ऑफिसचे कपडे घालून थळच्या बंदरावरून बर्फाची गोणी मांडीशी धरून मिनीडोर रिक्षात बसली. तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, कशाला गो? ते ‘कशाला’ तुला सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

माझं काम तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते आणि बँकेत लागेन असं तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस. बँकेत नाही लागले. मी आता एका कंपनीत आहे, ती वर्तमानपत्रं काढते. फक्त धंद्याची वर्तमानपत्रं. कोणी नवं शोरूम उघडलं, कुठला कारखाना कोणी घेतला, कुठे माणसं भरतायत, कुठे काढतायत, एवढंच त्यात असतं. आठवड्यातून एकदा निघतं. नाशिकचं वेगळं, साताऱ्याचं वेगळं, कोल्हापूरचं, नागपूरचं, अशी पुष्कळ शहरं आहेत. साचा सगळ्यांचा एकच, वरचं शहराचं नाव तेवढं बदलतं. सगळी पानं पुण्यात जुळतात आणि एकाच छापखान्यात एकामागून एक छापली जातात, त्यामुळे एका शहराचं पान अडलं की मागची सगळी खोळंबतात. आमच्या रायगडच्या अंकात पनवेलचे बिल्डर आणि उरणचे कंटेनर यांनीच जागा भरते. किनाऱ्याला अर्धं पान मिळतं. ते अर्धं पान माझं आहे. अलिबागच्या एसटी स्टँडजवळ, एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस आहे. मी आणि जाहिराती आणणारे एक गृहस्थ, दोघंच. ते बहुतेक बाहेरच असतात.

तुला वाटेल पोरगी आता सुधारली असेल. नाही सुधारले. बातमी पाठवल्यावर मी ती पुन्हा उघडून बघते, मग पुन्हा. कोणाचं आडनाव चुकलं असेल, कोणाच्या दुकानाला मी उगाच लहान म्हटलं असेल, असं जेवताना मनात येतं आणि घास तसाच राहतो. अजून मी कायम झालेले नाही, ती भीती वेगळीच. पण खरी भीती ती नाही. छापलेलं परत घेता येत नाही, ही खरी.

बातमी अशी होती की थळचा बर्फाचा कारखाना विकला जातोय. तू रोज पहाटे मासळीच्या पाटीसाठी जिथून बर्फ घ्यायचीस तोच. बाहेरची एक शीतगृहवाली कंपनी जागा घेणार, मोजणीवाले येऊन गेले, हे मला दोन ठिकाणांहून पक्कं कळलं होतं. मालकांचं म्हणणं तेवढं हवं होतं. आमच्याकडे नियम आहे, ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही, आणि तो नियम मला फार आवडतो. पण त्या दिवशी सकाळी मी आगरदांड्याला फेरीबोटीच्या नव्या दरांची बातमी आणायला गेले होते, म्हणून पुण्याच्या संपादक मॅडमनीच कारखान्यात फोन केला. मॅडम मूळच्या नागपूरच्या. चांगल्या आहेत, माझं लिहिलेलं कापतात पण का कापलं ते सांगतात. मी परत येऊन ऑफिसात बसले तर पान समोर आलेलं, आणि बातमीच्या शेवटी त्यांनी घातलेलं वाक्य: या व्यवहाराबाबत बोलण्यास मालकांनी दोनदा नकार दिला.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. बंदी उठायला थोडेच दिवस होते. ह्याच दिवसांत नाखवे, म्हणजे आपले बोटवाले, वर्षभराचा बर्फ कोणाकडून घ्यायचा ते ठरवतात. कारखाना विकतोय आणि मालक तोंड लपवतोय, असं छापून आलं तर त्याच्या दारात कोण उभं राहणार? मी मॅडमना फोन लावला. विचारलं, ते नक्की काय म्हणाले?

"काही नाही गं. ‘आत्ता न्हाय’ म्हणाले आणि ठेवून दिला."

"किती वाजता, मॅडम?"

"आठला. मग वाटलं, दुकानदार माणूस, बोहनी व्हायची असेल. तेवढं कळतं मला, मामांचं किराण्याचं दुकान होतं. म्हणून साडेदहाला पुन्हा केला. तेच. आत्ता न्हाय. साडेदहाला कोणाची बोहनी राहिलेली असते?"

आणि आये, तेव्हा मला तू दिसलीस. अलिबागच्या बाजारात, ओट्यावर, पाटीपुढे पाय दुमडून बसलेली. मी पाचवीत आहे, स्कॉलरशिपचा निकाल लागलाय आणि त्यात माझं नाव नाही. शाळेतून मी थेट तुझ्याकडे धावत आले आहे. तोंड उघडणार तोच तू बर्फातला हात वर करतेस. "थांब. बोहनी होऊ दे." शेजारच्या ओट्यावरची मावशी म्हणते, "तोंड बघ गो पोरीचं, काय चांगलं न्हाय आनलेलं तिनं," आणि तू तिलाही गप्प करतेस. मी रडं गिळून उभी राहते. एक बाई येते, बोंबील उलटेपालटे करते, जाते, पुन्हा येते. तिला माझं दुःख माहीत नाही. ती घासाघीस करते आणि तू, एरवी कोणाला हार न जाणारी, ती म्हणेल तो भाव मान्य करतेस. बोहनीला ताणायचं नाही. मग ती नोट तू कपाळाला लावतेस, डोळे मिटतेस, नोट पाटीखाली सरकवतेस, हात पुसतेस आणि सबंध माझ्याकडे वळतेस. "आता सांग." मी सांगते. मागे गिऱ्हाईक हाका मारत असतं आणि तू मान वळवत नाहीस. तेवढं पुरतं ऐकून घेणारं माणूस मला पुढे कोणी भेटलं नाही.

तुझ्या आजारपणाचा रिपोर्ट आला तेव्हाही तू तसंच केलंस. घरात वाचता येणारी मी एकटी. दुपारी पाटी रिकामी करून आलीस, पाय धुतलेस, जेवलीस, आणि मग म्हणालीस, "वाच. काय सोडू नको." मी काही सोडलं नाही. कुणाला पहिल्यांदा वाईट बातमी दिली ती तुला. तू "बरं" म्हणालीस आणि चहा ठेवलास.

म्हणून मला कळलं, साडेदहाला कोणाची बोहनी राहिलेली असते ते. बंदीत बर्फाच्या कारखान्याची राहते. मासे नाहीत, लग्नं नाहीत, पावसात सरबतवाले नाहीत. एखादा हॉटेलवाला दुपारी फिरकला तर फिरकला. आणि पहिला पैसा हाती पडायच्या आधी कारखाना विकण्याचं बोलणं आपल्याकडचा माणूस करणार नाही, फोनवर नागपूरची बाई असो की आणखी कोणी. मी मॅडमना म्हटलं, ते वाक्य काढू नका, पण पान थोडं थांबवा. मी जाऊन येते. त्या म्हणाल्या, "तुझ्यामागे सातारा उभा आहे, हे लक्षात ठेव." एरवी एवढ्यावर मी कच खाल्ली असती.

कारखान्याचे मालक, आपले बर्फवाले काका, दारातच खुर्ची टाकून बसले होते. म्हातारे झालेत. आत एकच यंत्र धडधडत होतं, आणि तो अमोनियाचा वास, तुझ्या पदराला यायचा तोच. मी म्हटलं, "काका, जरा बोलायचं होतं."

"आत्ता न्हाय. सकाळधरनं एक बाय फोन करतेय. तीच तू?"

"न्हाय." मग सुचलं. "मला बर्फ पायजे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्या पावसात? वाळत घालतेस काय?"

"अर्धी लादी द्या."

ते उठले. लादी बाहेर ओढली, टोच्याने मधोमध फोडली, गोणीत बांधली. मी भाव विचारला नाही, नोट पुढे केली. त्यांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि डोळे मिटले. मग जाऊन यंत्राला टेकवून आले आणि खुर्चीत बसले. "हां. आता बोल. पेपरवाली हायस ना? गळ्यातली पट्टी दिसते की. कोनाची गो तू?"

मी तुझं नाव सांगितलं. ते हसले. "ती! लादीवर टोचा ठोकून बघायची. आत पांढरी, कच्ची निघाली की माझ्याच दारात टाकून जायची, शिव्या फुकट. आन् तिची पोर मला पेपरात टाकायला आली."

मी म्हटलं, "विचारायला आले, काका. खरं आहे का?"

"खरं हाय. दोन पोरी, दोघी पुण्याला. माजे गुडघे गेले. इकतोय. पन ह्या हंगामानंतर. नाखव्यांना मी नारळी पुनवेला सांगनार व्हतो, नारळ सोडायला सगळी जमतात तवा, समोर उभा ऱ्हाऊन." मग त्यांनी विचारलं, "पुनवेपातूर थांबवशील काय?"

आये, हे मी आधी तुला विचारायला हवं होतं. मी मॅडमना म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी बातमी ठेवूनही दिली असती. पण पुनवेपर्यंत नाखवे काही न कळता शब्द देऊन बसले असते, आणि आत यंत्राशी जी माणसं होती त्यांनी पुढच्या वर्षीचं काम शोधलं नसतं. त्यांचंही कोणीतरी घरी असेल. मी म्हटलं, "न्हाय काका. थांबवता नाही येणार. पण तुम्ही जे म्हणाल ते जसंच्या तसं येईल. आणि पेपर शुक्रवारी येतो."

त्यांनी खुर्चीचे हात धरले. मला वाटलं, आता उठून आत जातील. मग म्हणाले, "लिव. पन हे बी लिव, ह्या हंगामाचा बर्फ माजाच. एक बोट बर्फाबिगर ऱ्हानार न्हाय. आन् शुक्रवाराच्या आदी मी दारोदार जातो. माज्या तोंडानं आयकूदेत." मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ‘दारोदार’ काढायला लावलं, भिकाऱ्यासारखं वाटतं म्हणाले. तिथूनच फोन लावला. मॅडमना मी बंदीतली बोहनी समजावली. "हे माझ्या डोक्यात आलंच नसतं," म्हणाल्या. "सांग वाक्य." जुनं वाक्य गेलं, काकांचं आलं, साताऱ्याचं पान उशिरा निघालं. साताऱ्याचा सहकारी मला अजून ‘बर्फवाली’ म्हणतो. रोज बर्फ वाहणारी तू पण तीच होतीस की, म्हणून मी काही बोलत नाही.

काका खरंच घरोघर गेले, छत्री आणि काठी घेऊन. काही नाखवे तरीही दुसरीकडे गेले. बरेचसे राहिले. बातमीतला स्वतःचा फोटो त्यांना आवडला नाही, फार म्हातारा दिसतो म्हणाले. मी बरोबर केलं का, हे मला अजून कळत नाही. जे गेले ते माझ्यामुळेच गेले, हे खरं आहे, आणि जेवताना ते मनात येतं. पण सगळ्यांनी ते माणसाच्या तोंडून ऐकलं, एवढं मी स्वतःला सांगते.

परतताना मिनीडोरमध्ये गोणीतून पाणी गळून सगळ्यांचे पाय भिजले. समोरची सुकटवाली म्हातारी म्हणाली, "बंदीत बर्फ चाललाय गो, मासली कुठं लपवलीस?" सगळे हसले. तो बर्फ मी खोलीवर आणला, बादलीत ठेवला, आणि वितळेपर्यंत मधूनमधून हात लावून बघत राहिले. आत पांढरा नव्हता. तू घेतला असतास.

हे पत्र कुठे टाकायचं? आणि मिळालं तरी तू ते माझ्याकडेच वाचायला देशील. म्हणून एक गोष्ट आत्ताच वाचून दाखवते. काकांनी नोट कपाळाला लावून डोळे मिटले, तेव्हा पुण्याला पान थांबलेलं होतं, मागे सातारा उभा होता, आणि माझ्या मनात त्यातलं काही नव्हतं. त्यांनी डोळे उघडूच नयेत असं वाटत होतं. मी कामाच्या प्रत्येक खर्चाचं बिल ऑफिसला लावते, चहासुद्धा सोडत नाही. त्या दिवशीचं मिनीडोरचं भाडं लावलं. बर्फाचं लावलं नाही.