बाईंच्या अक्षरातली सूचना

बाई,

तुम्हाला जाऊन तीन वर्षे होत आली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही. पण तुम्ही लाल शाईने खुणा करून वही परत द्याल, ही सवय इतकी अंगात मुरलेली आहे की परत न येणारी वही पुढे करावीशी वाटत नव्हती. आज करते आहे. चूक मोठी आहे, आणि ती मी तुमच्या अक्षरात केली आहे.

आपल्या डोंबिवलीच्या वाचनालयाचे संकेतस्थळ तुम्ही निवृत्तीनंतर उभे केलेत, तेही स्वयंपाकघरात, कारण इंटरनेटची तार तिथपर्यंतच पोहोचत होती. मी तेव्हा बारावीत होते. तुम्ही कणीक मळता मळता पुस्तकांची नावे सांगत आहात आणि मी ती यादीत भरते आहे. मध्येच पडद्यावर एखादी चौकट उगवते, मी ती सवयीने घालवू लागते, तोच तुम्ही पिठाचा हात वर करता. "वाच. मोठ्यानं वाच. न वाचलेल्या गोष्टीला हो म्हणायचं नाही." मी पुटपुटते. "मला ऐकू आलं नाही," तुम्ही म्हणता. शाळेतही तेच होते. मी पहिली येत असे, पण उभे राहून उत्तर देताना माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही जात नसे. तुमचे अक्षर मात्र मी गिरवून गिरवून इतके उचलले होते की एकदा फळ्यावरचा सुविचार मी लिहिला आणि मुख्याध्यापकांनी कौतुक तुमचे केले. तुम्ही भर वर्गात म्हणालात, "अक्षर माझं नाही, हिचं आहे." मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात, "हे तू सांगायला हवं होतंस." त्या दिवशी तुम्ही दिलेली दुरेघी वही अजून माझ्याकडे आहे. आजवर कोरीच होती.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी संकेतस्थळ उघडेना. पुस्तकांच्या यादीऐवजी लाल त्रिकोण आणि खाली इशारा: हे पान सुरक्षित नाही. कारण साधे होते. प्रत्येक संकेतस्थळाला आपण खरेच ते आहोत असे सांगणारे एक सुरक्षा प्रमाणपत्र असते, ते मुदत संपली की नव्याने घ्यावे लागते, आणि आपल्या प्रमाणपत्राची मुदत संपल्याची पत्रे कंपनी तुमच्या ईमेलवर पाठवत राहिली होती. खातेही तुमच्याच नावावर. कंपनीने कळवले की तुमच्या मुलाची लेखी संमती हवी. वाचनालयाचे कार्यवाह म्हणाले, "तू बाईंची लाडकी. तूच कर त्याला फोन. दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचेच होते. मी आठवडाभर क्रमांक काढून ठेवला, बोलायची वाक्ये कागदावर लिहून ठेवली आणि फोन केला नाही. तुम्ही गेल्यानंतर मी त्यांना भेटायलाही गेले नव्हते. आता कामापुरता फोन कसा करायचा? इकडे संध्याकाळी मी वाचनालयात पुस्तके द्यायला बसले की ज्येष्ठ वाचक रोज विचारत, पुस्तक राखून कसे ठेवायचे? तेव्हा मला जे येते ते मी केले. एक सूचना लिहिली. "वाचकांनी घाबरून जाऊ नये. लाल पान दिसल्यास 'प्रगत' येथे दाबावे व त्यानंतर 'पुढे जा' निवडावे." सुवाच्य, दोन्ही बाजूंना समास सोडून, खाली नाव न घालता. ती फलकावर लागली आणि सगळे निर्धास्त झाले. ठाण्याला खोपटच्या ज्या कार्यालयात मी भाषांतर करते, तिथे असेच इशारे मराठीत आणणे हे माझे काम आहे, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर महिन्याभराने, दुपारी, कार्यालयात माझा फोन थरथरला. आपले फोरमनकाका. तुम्हाला आठवत असतील: एमआयडीसीतल्या रसायनांच्या कंपनीत जन्म गेला, यंत्रांच्या आवाजाने कान गेले, आता लेकीजवळ कल्याणला राहतात पण वाचनालय सोडत नाहीत.

"अगं, एक विचारायचं होतं. गॅसचं कनेक्शन कापणार असा मेसेज आलाय. खाली दिलंय ते दाबलं तर आपलं ते लाल पान आलं. मग मी सूचनेप्रमाणे पुढे गेलो. आता बँकेचा ओटीपी मागतायत. तो टाकू ना?"

मी म्हटले, "नको."

"काय? मोठ्यानं बोल गं. पुटपुटू नकोस."

समोर सतरा-अठरा माणसे खाली मान घालून काम करत होती. पंखा ऐकू येईल इतकी शांतता. "काका, नका टाकू," मी पुन्हा म्हटले, आणि माझे मलाच नीट ऐकू आले नाही.

"टाकू म्हणतेस? बरं. चार... सात..."

"हात काढा! काका, हात काढा! टाकू नका!"

मी उभी होते. खुर्ची मागे पडली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. पलीकडे काहीतरी आदळल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, बंद. पुन्हा लावला, बंदच. मी रजाही न सांगता खाली उतरले आणि डेपोतून कल्याणची एसटी पकडली. त्यांनी किती आकडे टाकले असतील? बस गर्दीत अडकत होती आणि मी मांडीवर बोटाने तीच सूचना गिरवत होते, पुढे जा, पुढे जा.

दार काकूंनी उघडले. काका हात मांडीवर ठेवून, शिक्षा झालेल्या मुलासारखे बसले होते. "तू ओरडलीस तेव्हा दोनच आकडे झाले होते," ते म्हणाले. "हातातून पडलाच फोन. उचलला, बंद केला आणि तांदळाच्या डब्यात घातला."

"डब्यात?"

"भिजला की घालतात ना. मला वाटलं, बिघाड तो बिघाड."

"आता त्याचाच भात लावते रात्री," काकू म्हणाल्या.

मी माझ्या फोनवरून बँकेत कळवले, कार्ड बंद करून घेतले. काही गेले नव्हते. मग काकांनी खिशातली डायरी काढली. सूचना त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतली होती. "बत्तीस वर्षं कंपनीत काढली," ते म्हणाले, "लाल दिवा लागला की हातातलं टाकून पळायचं, एवढंच शिकलो. इथेही पळालोच असतो. पण म्हटलं, बाईंनी लिहून ठेवलंय घाबरू नका. त्यांचं अक्षर काय मी ओळखत नाही? कधीतरी जाण्याआधीच लिहून ठेवलं असणार." मी चहाचा घोट घेतला. तुम्ही दिसलात, पिठाचा हात वर केलेल्या.

दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाला फोन केला. त्यांनी आधी विचारले, "तू ती फळ्यावर लिहिणारी का?" संमतीचे पत्र संध्याकाळी आले, आठवड्यात नवे प्रमाणपत्र मिळाले, लाल पान गेले. मी सूचना काढायला गेले तर फलक रिकामा होता. कार्यवाहांनी ती वार्षिक सभेत लावण्यासाठी चौकटीत बसवून आणली होती. "बाईंच्या हातचं शेवटचं," ते म्हणाले.

सभा काल झाली. मी उठून सांगितले. आवाज बारीकच निघाला, मागच्या रांगेतून कुणीतरी "मोठ्यानं!" म्हणाले, मग मी मोठ्याने सांगितले: अक्षर बाईंचे नाही, माझे आहे, आणि त्यात लिहिलेले चूक आहे. कार्यवाहांनी चौकट उलटी करून टेबलावर ठेवली. फोरमनकाका निघताना म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. महिनाभर मनातल्या मनात बाईंवर चिडलो होतो. गेलेल्या माणसावर चिडून झोप लागत नाही." माझ्यावर चिडलात का, असे मी विचारले. "तुझ्यावर चिडायला वेळ आहे अजून," ते म्हणाले, आणि माझ्याकडून पुस्तक बदलून घेतले.

हे पत्र तुमच्या दुरेघी वहीत, पहिल्याच पानापासून लिहिले आहे. कुठे पाठवायचे नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी सभेत सांगितली नाही. कल्याणला त्या खोलीत काका म्हणाले की हे बाईंचे अक्षर आहे, तेव्हा क्षणभर मला आनंद झाला होता.