पहिल्या शोचा निकाल

अहो,

मायना काय घालायचा यातच अर्धा तास गेला. पस्तीस वर्षं या एका शब्दावर संसार चालला, आता पत्रापुरतं नाव घेऊन काय करू? तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. आज लिहायला बसले, कारण उद्या तुमच्या त्या उडणाऱ्या हिरोच्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय, आणि दुपारी थिएटरबाहेर लोकांपुढे माइक धरणाऱ्या यूट्यूब चॅनेलवाल्या श्रीकांतचा फोन आला होता.

"आंटी, कल सुबह आठ बजे का शो है. आप आना होनाच. आपके बगैर पब्लिक टॉक में मजाच नै आता. और वो बाप का रोल किए सो बुढ्ढे गुजर गए ना, उनपे दो बातें सेंटिमेंट की बोल देना. लोगां रो देना, बस."

मी "हौ" म्हटलं आणि फोन ठेवला. त्याला अजून ठाऊक नाही की मी त्या बुढ्ढ्याची बायको आहे. त्या माइकवाल्यांत कोणालाच ठाऊक नाही. मी सांगितलंच नाही कधी.

तुम्हाला आपला निकालाचा रिवाज आठवतो? मराठी मंडळात तुमचं नाटक झालं की सगळे विंगेत हार घालायचे, पाठ थोपटायचे, आणि तुम्ही मात्र घाम पुसत माझ्या मागे निघायचात. काचीगुड्याच्या इराणी हॉटेलात दोन चहा यायचे. पहिला घोट घ्यायच्या आधी विचारायचात, "काय निकाल?" मी सांगायची. दुसऱ्या अंकात रडलात ते खोटं होतं. दारुड्या झालात तो आमच्या भालकीच्या मामासारखा झालात, छान. शेवटच्या प्रवेशात नाटकातल्या बायकोकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होतात, लाज वाटली. तुम्ही मान हलवायचात आणि पुढच्या प्रयोगात ते दुरुस्त करायचात. दिग्दर्शक गेला उडत! माझ्या जिभेला हाड नाही असं सगळा काचीगुडा म्हणायचा, पण ही जीभ तुमच्याशी कधी खोटं बोलली नाही. तुमचा सगळा जीव त्या एका गोष्टीवर होता.

तर तो सिनेमा. वीज खात्यातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. कोणीतरी मंडळात तुम्हाला पाहिलं आणि हिरोच्या बापाचं काम दिलं. बाप लाइनमन, पोरगा विजेचा धक्का खाऊन उडायला लागतो. काय ती गोष्ट! मी किती हसले होते. तुम्ही नाही हसलात. तुम्ही महिनाभर डावा हात आखडून घरात फिरत होतात. भाकरी मोडायची तरी तसंच, पेपर उलटायचा तरी तसंच. मी म्हटलं, झालं का तुमचं खूळ सुरू! तुम्ही म्हणालात, "यादगिरीचा हात आहे हा."

यादगिरी मला माहीत होता. तुमच्या सेक्शनचा लाइनमन. खांबावर करंट लागला, बोटं आत वळून तशीच राहिली. दसऱ्याला सोनं म्हणून जम्मीची पानं द्यायला यायचा तेव्हा तो हात पाठीमागे धरायचा. तुमचा आवाज तर त्या लोकांनी दुसऱ्याचाच लावला, तुमच्या तेलुगूला मराठीचा वास येतो म्हणून. तुमचं म्हणून पडद्यावर उरलं काय, तर चेहरा आणि तो हात.

पहिल्या दिवशी तुम्ही आला नाहीत. तुमची ती जुनी खोड, स्वतःचं काम आधी बघायचं नाही, आधी मी बघायचं. नारायणगुड्याच्या पुढच्या थिएटरात मी सकाळी आठला एकटी गेले. बाहेर हिरोच्या पन्नास फुटी कटआउटवर दूध ओतणं चाललं होतं, नारळ फुटत होते, ढोल वाजत होते. आत तर पोरं खुर्च्यांवर उभीच. हिरो आला की कागदाचे तुकडे उधळायचे, गेला की शिव्या. आणि तुम्ही दिसलात की हिरोचं उडणंच थांबायचं! मग त्यांनी काय करावं?

तो बटणाचा सीन. पोरगा पहिल्यांदा उडून, अंग भाजून घरी येतो. बाप पुढे होतो. त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावायला जातो, त्या हाताने. जमत नाही. परत लावतो. परत सुटतं. अहो, काय हसली ती पब्लिक! "एय बुढ्ढे, छोड रे!" "इंटर्व्हल तक लगा लेगा क्या?" एकाने कोंबड्याचा आवाज काढला आणि अख्खी बाल्कनी आरवायला लागली. मी तोंडाला पदर लावून बसले होते. मला यादगिरी दिसत होता. पाठीमागचा हात शेवटी पुढे आणलेला यादगिरी. पस्तीस वर्षांत तुमचं इतकं खरं काम मी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला होता, देवाशप्पथ.

आणि माझ्या शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसून म्हटलं, "कहाँ से पकड के लाए जी इसको?" मी हसले. तिथेच घसरले बघा. पहिल्यांदा खोटं हसले, मग ते हसू तोंडावर तसंच घेऊन बाहेर आले.

बाहेर माइकवाले उभे होते. गर्दीत मीच एक साडीतली बाई, श्रीकांतने बरोब्बर मला गाठलं. "आंटी, हिरो के बाप का कॅरेक्टर कैसा?" चारी बाजूंनी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. तुमच्या नाटकांना मी कायम तिसऱ्या रांगेत, डबा मांडीवर घेऊन. माझ्या तोंडाकडे असं कोणी बघितलं होतं कधी?

मी म्हटलं, "वो हाथ था की मुर्गी का पंजा? आधा घंटा एक बटन! घर में बीवी लगाती होगी इसके बटन."

काय शिट्ट्या वाजल्या! कोणी तरी माझ्या पाया पडलं. मला चढली अहो ती, दारू चढावी तशी. श्रीकांत म्हणाला, "आंटी, और एक बार पंजा बोलो." मी बोलले. हात करून दाखवला.

घरी येईपर्यंत, ऑटोत, मी ठरवत होते तुम्हाला कसं सांगायचं. आधी जरा छळायचं, मग सांगायचं की आज तुम्ही मला रडवलंत. माइकवरची गंमत तुम्हाला कळलीच तर हसाल असं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं का? काय माहीत. दार उघडलंत. हातात मोबाइल होता. म्हणालात, "चहा घेतीस का?"

निकाल विचारला नाहीत!

का विचारलं नाही? एकदा, फक्त एकदा "काय निकाल" म्हणाला असतात तर मी सांगितलं असतं. मी वाट बघत होते, तुम्ही विचाराल, मग सांगीन. आपणहून सांगितलं तर ती सारवासारव वाटेल असं मला वाटलं. माझ्या अंगात मेली ऐट किती! तुम्ही चहा दिलात, कप विसळलात, गॅलरीत जाऊन बसलात. हा दोष मी तुमच्यावरही थोडा ठेवते, राग आला तर येऊ दे.

पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. दोन दिवसांत मुर्गी का पंजा गावभर झाला. तुमचा फोटो आणि खाली चिकनच्या दुकानाची पाटी. पेन्शनच्या कामाला गेलात तिथे क्लार्कने सही करताना बोटं वळवून दाखवली. मंडळाच्या गणपतीत जोशीबाईंच्या नातवाने स्टेजवर तुमची नक्कल केली आणि पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं, तुमच्याच हस्ते. सिनेमाच्या लोकांनी तुम्हाला बोलावलं, पंजा करत नाचायला. तुम्ही गेलात आणि नाचलात. म्हणालात, "लोकांना मजा येतीय, येऊ दे." डावीकडून बघून केलंत, उजवीकडून बघून केलंत, दिग्दर्शक म्हणाला तसं.

आणि मी? मी पुढच्या शुक्रवारीही गेले. त्याच्या पुढच्याही. श्रीकांतला पंजा आंटी पाहिजे होती. दुसऱ्यांच्या सिनेमातल्या नटांना मी फाडून खायची आणि लोक टाळ्या पिटायचे. सहा शुक्रवार झाले. एका शुक्रवारी मी आळस करत पडले होते, तर तुम्हीच माझी निळी साडी इस्त्री करून पलंगावर ठेवलीत. "जा, पोरं वाट बघत असतील." टोमणा होता का तो? तुम्हाला टोमणे मारता यायचे नाहीत, तोच तर तुमच्या अभिनयातला दोष.

एक गोष्ट मी पाहिली हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही आरशासमोर उभे होतात. शर्ट घातलेला, डावा हात आखडलेला, वरचं बटण लावत होतात. लावायचं, काढायचं, परत लावायचं. चूक शोधत होतात. बाहेर आपल्या लेकीचा, मीनूचा फोन आला तरी उचलला नाहीत. मी दारात होते. आत येऊन हात धरून सांगायचं होतं की चूक नाहीये हो, सोडा. मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला. त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. सकाळी बाथरूमच्या दारातच. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मीही सगळ्यांना तेच सांगते.

मग बघायचं होतंत तुम्ही! तीच पोरं. त्याच फोनवरून. "लेजंड." "अंडररेटेड." मेणबत्त्या, हात जोडलेले, रडके चेहरे. कोणी तरी तुमच्या बटणाच्या सीनला सनईचं संगीत लावलं आणि लाखो लोकांच्या अंगावर काटा आला म्हणे. कोंबड्यासारखं आरवणाऱ्याच्या अंगावरही आला असेल. मेल्या म्हशीला मणभर दूध! दुसऱ्या भागात तुमचा हार घातलेला फोटो आहे, हिरो त्याला नमस्कार करून उडतो. उद्या त्या फोटोवर कागद उधळतील.

दहाव्याच्या दिवशी मी कोपऱ्यात बसून होते तर मीनू जवळ आली. म्हणाली, "आई, तू स्वतःला ब्लेम नको करू. तू बाबांना नेहमी तोंडावर खरंच सांगायचीस. त्यांना तेच आवडायचं. दुनिया झूठ बोलली असेल, तू तर नाही ना बोलली." व्हिडिओत बोलले तेच माझं खरं मत, असं तिला वाटत होतं. माझं डोकं तिने छातीशी धरलं. मी धरू दिलं. दीड वर्ष ती हेच म्हणतेय आणि मी ऐकून घेतेय. तिचाही आधार तोच आहे, बाबांना निदान घरात खरं बोलणारं माणूस होतं.

आता काल काय झालं ते सांगते. ते सांगायचं म्हणून तर बसले, आणि इतकी पानं घालवली. श्रीकांतने माझा तो जुना व्हिडिओ परत पाठवला, "आंटी, फिर से चल रहा." मी खालच्या कमेंट वाचत गेले, अगदी पहिल्यांदा आलेल्या होत्या तिथपर्यंत. आलेल्यांतली पाचवी कमेंट. फोटो तुमचा, मंडळाच्या नाटकातला फेट्यातला. खाली लिहिलंय,

"आंटी सच बोलते. हात गलत हुआ मेरे से. माफी."

पाचवी! म्हणजे व्हिडिओ पडल्या पडल्या, मी ऑटोत होते तेव्हाच. दार उघडलंत त्याच्या आधी. तुम्ही निकाल विचारला नाहीत कारण तो तुम्हाला मिळाला होता. आणि तुम्हाला राग आला नव्हता. मी इतके दिवस देवाकडे मागत होते की तुम्हाला माझा राग आला असू दे. तुमचा तर विश्वास बसला होता! जगाने कितीही आरवू दे, तुम्ही मान हलवून परत उभे राहिला असतात. पण मी बोलले म्हणजे खरंच, हे तुम्हाला मीच शिकवलं पस्तीस वर्षं. मग बसलात आरशासमोर नसलेली चूक शोधत.

तर घ्या निकाल. उशिरा देतेय.

सिनेमात मेल्यावर तुमची पापणी हलली. हिरो छातीवर पडून रडतो तेव्हा, दोनदा. ही चूक होती, आणि ती कोणाच्याच ध्यानात आली नाही. खरंच गेलात तेव्हा बाथरूमच्या दारात मी तुमच्या पापणीकडे बघत बसले होते, अँब्युलन्स येईपर्यंत. दवाखान्याच्या सीनमध्ये पाठ फार ताठ होती. आणि हाताचं म्हणाल, तर त्या हातात काहीही चुकलं नव्हतं. बटण तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा तुम्ही पोराकडे बघून जे ओशाळं हसलात, तसं आजवर कोणी केलेलं मी पाहिलं नाही. नुसतं चांगलं म्हटलेलं तुम्हाला पटायचं नाही, म्हणून आधी चुका सांगितल्या.

उद्या मी थिएटरला जाणार नाही. तिथे माइकवर सगळं कबूल करावं असंही मनात आलं होतं. पण मी रडेन, लोक रडतील, श्रीकांत म्हणेल और एक बार बोलो, आणि मी बोलेन. मला मी माहीत आहे.

उद्या मीनू सुट्टी आहे म्हणून जेवायला येतेय. तिला मराठी वाचायला जड जातं, म्हणून हे पत्र मीच तिला वाचून दाखवणार. हसले तेही, आरसा आणि कुकरही. मध्ये रडून ते थांबवणार नाही, एक ओळ गाळणार नाही. तिने परत माझं डोकं छातीशी धरायला घेतलं तर धरू देणार नाही. हा शब्द देते तुम्हाला. त्यानंतर ती या घरात यायची बंद झाली तर तुमच्या बाजूने कोणी तरी उभं राहिलं असं मी समजेन.

तुमची खोटी,
सुलभा