दादाचा मेल परत गेला

अण्णा, आपल्या दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता मी बिघडवून ठेवला आणि नेमकं काय झालं ते अजून माझ्या डोक्यात नीट शिरत नाही. घोडेगावचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान तुमच्यामागे मीच चालवते. डोंगरातली पोरं आश्रमशाळेला जाताना पेटी अजून आपल्याकडूनच नेतात. नवी वेबसाइट करायला मंचरच्या एकाला सांगितलं. तो म्हणाला, एका नावाच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. साइट कुठे आहे ते 'ए' सांगते, मेल कुठे टाकायचा ते 'एमएक्स' सांगते, आणि 'सीनेम' म्हणजे मला विचारू नका, त्या दुसऱ्या नावाला विचारा. त्याने दिलेली सीनेम मी भरायला गेले तर घेईचना. या नावावर आधीच नोंदी आहेत, असंच येत राहिलं. मग मी बाकीच्या सगळ्या काढून टाकल्या. लगेच घेतली.

तेव्हा तुमची पाटी आठवायला हवी होती. जेवायला जाताना तुम्ही दाराला 'शेजारी विचारा' अशी पाटी लावायचात. एकदा ती मी लावली आणि गिऱ्हाइकाची कुलपं मात्र आपल्याच पायरीवर ठेवून आले. ती चोरीला गेली. तुम्ही हातातली कात्री खाली ठेवलीत, माझ्याकडे बघितलंत. "शेजारी धाडायचं तर समदंच शेजारी धाड. अर्धं हितं न् अर्धं तिथं, आसं नाय चालत." मला तुमचा फार राग आला होता. सीनेमचंही तसंच निघालं. साइटबरोबर मेलही शेजारी गेला, आणि तिथे आपलं टपाल घेणारं कुणी नव्हतंच. तरी थोडे दिवस काही मेल येत राहिले, कारण म्हणे विचारणारे जुनं उत्तर काही काळ लक्षात ठेवतात. मला संशय तरी कसा यावा?

परवा वहिनीचा फोन आला. तुम्ही गेल्यावर दुकान विकण्यावरून दादाचं न् माझं वाजलं, तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, ह्यांनी अण्णांच्या दुकानाच्या मेलवर लिव्हलं व्हतं. परत आलं. म्हणले, आता अण्णांचा पत्ताच न्हाई राहिला." काय लिहिलं होतं ते तिलाही ठाऊक नाही.

मी सीनेम काढली, ए आणि एमएक्स परत लावल्या. तरी माझा मेल पोचतो आणि मैत्रिणीचा परत जातो. "थांबा," वेबसाइटवाला म्हणतो, "चुकीचं उत्तरही विसरायला वेळ लागतो, किती लागणार ते नोंदीतच असतं." दादाचं कुणाला विचारू? त्याने एकदा हाक मारली आणि आतून कुणी नाही असं ऐकलं. तो पुन्हा मारेल का?

हे तुमच्याच मेलवर टाकून बघावं असं मनात आलं. टाकलं नाही. ते उघडणार मीच. आणि खरं सांगते अण्णा, नोंदी आता बरोबर आहेत हे वेबसाइटवाल्याने मला सकाळीच सांगितलंय. दादाला फोन करायला लागू नये म्हणून मी त्या अजून तपासत बसलेय.