तुझ्या नावाची रोटी आणि माझे दात

प्रिय दिल्मुरोद,

कोकंदहून थोरल्या भावाचा सलाम. तिकडे रशियात, त्यूमेनच्या बर्फात तुझे कान जागेवर असतील, बांधकामावर पाय घट्ट असतील आणि पोटात काहीतरी गरम जात असेल, अशी आशा करतो. आईचा गुडघा घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो; बाकी ती ठीक. हे सगळे फोनवर का सांगितले नाही, असे विचारशील. फोनला आई कान लावून बसलेली असते, आणि हा विषय तिच्या कानी जायचा नाही. (जायचा नव्हता. त्याबद्दल खाली.)

तर मुद्दा आपल्या गल्लीतल्या एर्गश-आकांच्या रोटीच्या तंदूरचा. चौकात ते काचेच्या दारांचे रोटी-बिस्किटांचे दुकान उघडल्यापासून (शाखा म्हणे साऱ्या खोऱ्यात आहेत, मालक कुठे असतो हे मात्र एकाही शाखेला ठाऊक नाही) आकांच्या दारातली गर्दी आटत गेली. मध्यंतरी ते म्हणाले की नवरोजच्या सणापर्यंत बघतो, मग तंदूर विझवतो आणि मुलीकडे जाऊन राहतो. मी तिथल्या तिथे ठरवले, हा तंदूर विझू द्यायचा नाही. बाबा गेले तेव्हा आपण काही सांगायच्या आत ज्याने रोट्यांच्या टोपल्या पाठवल्या, आईचा कोणता गुडघा दुखतो हे ज्याला पाठ आहे, त्याची जागा आपोआप उघडणारा दरवाजा घेऊ शकत नाही.

चायखान्यात सभा घेतली. माझी भाषणे तुला माहीत आहेत. बाबिलोनच्या बाजारापासून सुरुवात केली; रेशमाच्या व्यापाऱ्यांपर्यंत येईतो चहाच्या किटल्या पुन्हा भरून झाल्या. शेजाऱ्याचे दुकान बंद पडते तेव्हा गल्लीची आठवण बंद पडते, असे म्हणालो (हे वाक्य मला अजूनही आवडते). माना डोलल्या, एकाने डोळे पुसले. शेवटी लक्षात आले की भाषणभर सगळे जी बिस्किटे चघळत होते ती काचेच्या दुकानातली होती. चांगली खुसखुशीत होती, हे मी खाऊनच सांगतो आहे.

आणि त्याच आठवड्यात तुझी रोटी हिरवी पडली. निघताना तू एक घास चावलेली आणि उरलेली परत येऊन संपवशील म्हणून आईने भिंतीवर टांगलेली, तीच. शेजारच्या सलोमत-खालांच्या मुलाची कित्येक वर्षे लटकते आहे. दगड झाली, पण डाग नाही. मी तुझी उतरवली, उलटी केली, तर तळाला काचेच्या दुकानाच्या नावाची चिकटपट्टी. अरे, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तुला रोटी आणायला एर्गश-आकांकडे धाडले होते ना? का गेला नाहीस तेही सांगतो. तिथे तासभर बोलावे लागते, घरातल्या मांजरापर्यंत सगळ्यांची खुशाली द्यावी लागते. काचेच्या दुकानात कोणी काही विचारत नाही. तेच तर माझे म्हणणे आहे! एक मुलगा घर सोडून चालला आहे आणि त्याला ‘कुठे निघालास’ असेही कोणी विचारत नाही, ते दुकान नव्हे, गोदाम.

आई अंगणात होती. ती बुरशी तिने पाहिली असती, तर तुला मनातल्या मनात इस्पितळात झोपवले असते. मी धावत जाऊन एर्गश-आकांकडून ताजी रोटी आणली, तुझ्या वतीने स्वतःच एक घास चावला आणि टांगली. हिरवी फडक्यात बांधून चायखान्यात नेली, मधोमध ठेवली आणि गप्प बसलो. (लोकांना वाटले, कोणी गेले.) चिकटपट्टी हातोहात फिरली. मग एकेक जण चहा अर्धा टाकून घरी गेला, आपापली भिंत बघायला. आपल्या मोहल्ल्यात कोणाच्या भिंतीवर परदेशी गेलेल्या मुलाची रोटी नाही?

सकाळी आकांच्या दारात कोपऱ्यापर्यंत रांग. सलोमत-खाला पुढे उभ्या राहून, ज्यांनी काहीच विचारले नव्हते त्यांनाही समजावत होत्या, “पोरगं परत यायला हवं ना? मग रोटी ओळखीच्या हातची घ्या.” बाबिलोनचा उल्लेखही न करता त्यांनी जमवले. आकांनी तंदूर विझवण्याची भाषा सोडली आहे. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, “होलमत, रोटी रोज ने बाबा, पण रांगेसमोर बोलू नकोस. लोक निघून जातात.”

तुझा थोरला भाऊ,
होलमत

ता. क. आईला कळले. माझे पुढचे दोन दात नाहीत, हे त्या घाईत माझ्या ध्यानात राहिले नाही. तिने चावलेल्या कडेवरून बोट फिरवले, मधली फट चाचपली. मग मागे न वळता म्हणाली, “होलमत, तुझं परत येणं पक्कं झालं. त्याचं काय?”

आणखी एक. ती रोटी आईने मला चहात बुडवून संपवायला लावली. मी कुठे गेलोच नव्हतो.

शेवटचे, आणि पत्र खरे यासाठीच. तिकडेच कायमचे राहायचे म्हणतोस, त्यावर माझे भाषण तयार आहे; पण ते देत नाही. भिंतीवरचा खिळा मोकळा आहे. त्यावर आई दुसरे काही अडकवू देत नाही. नवरोजला ये. त्या खिळ्यासाठी रोटी तू स्वतः आणायचीस, एर्गश-आकांकडून. रांग असेल, आणि तुझ्या वाट्याच्या गप्पा साठल्या आहेत. सवड काढून ये.