शंभराव्या घाटाची फ्रेम

१२ जानेवारी
सत्त्याण्णव घाट. गेली नऊ वर्षं आकडा हाच.
सायकलवर शंभर घाट चढलेल्यांची नावं क्लबच्या ऑक्टोबरच्या जेवणात वाचून दाखवतात. पुरावा कुणी मागत नाही. यादी द्यायची, खाली ‘शपथेवर’ असं लिहून सही करायची. दरवर्षी मी टाळ्या वाजवतो. हात दुखतात.
शांतपणे विचार केला. दोष पायांत नाही, फ्रेममध्ये आहे. जुनी फ्रेम रेसची. सामान लादलं की मागून डुलते. या वर्षी लांबच्या प्रवासाची, टूरिंगची फ्रेम करून घ्यायची आणि उरलेले तीन घाट उरकायचे. सोलांजला सांगितलं. बरं, म्हणाली. अडतीस वर्षांच्या संसारात तिच्याइतकं थंड ‘बरं’ मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही.

९ फेब्रुवारी
शाझालकडे गेलो. सेंत-एत्येनमध्ये हातानं फ्रेम जोडणारे आता मोजकेच उरलेत, त्यांतला हा सगळ्यांत उर्मट. म्हणाला, बूट काढा, भिंतीला टेकून उभे राहा, ही पट्टी पायांमध्ये वरपर्यंत दाबून धरा. म्हटलं, गरज नाही. पायाच्या लांबीचं माप तोंडपाठ आहे, चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. कधी घेतलेलं? लष्करात. बूट काढून? म्हटलं, लष्करात एवढा वेळ नसतो. त्यानं खांदे उडवले, ‘मापं गिऱ्हाइकानं सांगितली’ असं लिहिलं आणि त्याखाली माझी सही घेतली.
खरं तर डाव्या मोज्याला भोक होतं. पण मुद्दा तो नव्हे.

३ मार्च
रंगाचा विचार. गडद हिरवा. की करडा?
सोलांज तिच्या जुन्या खटारा सायकलवरून बाजारातून सहा किलो बटाटे घेऊन आली. आमच्या गल्लीच्या चढावरही खाली न उतरता. तिला म्हटलं, फ्रेमचं शास्त्र वेगळंच असतं. बटाटे सोलायला घे, म्हणाली.

१७ मे
फ्रेम आली. हिरवी. डोळे भरून आले, लपवत नाही.
दोन्ही पाय टेकून उभा राहिलो तर आडवी नळी नको तिथे लागते. शाझालच्या दुकानाची फरशी उतरती आहे.

१८ मे
आमच्या अंगणातही उतार आहे, हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

२ जून
सीट पार खाली. हँडल वर घेतलं, जवळ घेतलं. आता गुडघे हँडलला लागतात आणि मान दुखते. चामड्याची सीट अजून मुरलेली नाही, एवढंच. सोलांज म्हणाली, मोठी आहे रे तुला. तिला सांगितलं, टूरिंगची फ्रेम मोठीच दिसते.

११ जून
सिग्नलला थांबलो. म्हणजे सायकल थांबली, मी पडलो. खाटकानं दुकानातून बघितलं. मी खाली वाकून टायर तपासत असल्यासारखं केलं, बराच वेळ.

२० जुलै
जाड तळव्याचे बूट घेतले. पेडलवर पाय सरकतो. शिवाय ऊन. घाट ऑगस्टमध्ये.

१९ ऑगस्ट
घाट सप्टेंबरमध्ये. थकलोय. घाटानं नाही, घाट न चढून.

१५ सप्टेंबर
आर्देशच्या डोंगरांत आलो. एस्क्रिने, फायोल, मेझिलाक. दोन दिवसांत तीन घाट. सोलांज या वेळी गाडीतून मागे, थर्मास घेऊन.
एस्क्रिनेच्या दुसऱ्या वळणावर उतरलो. मनगटं बधिर, पाठ ताठ. दगडावर बसलो. सोलांज म्हणाली, बघू तरी कशी आहे. सीट चार बोटं वर घेतली आणि बसली. स्वतःच्या खुर्चीत बसावी तशी. वळणाआड गेली. मी हाक मारली, तिला ऐकू गेली नाही.
मी गाडी घेऊन मागे गेलो. ती सडपातळ नाही, साठीची आहे. पण तिचे पाय लांब आहेत. फोटोत ती माझ्यापेक्षा उंच दिसते, ते सँडल्समुळे असं मी समजत होतो.

१६ सप्टेंबर
फायोल. मेझिलाक. माथ्यावरच्या पाटीपाशी मी तिचा फोटो काढला. हसत होती. नळी कुठेही लागत नव्हती.

२० सप्टेंबर
सोलांज म्हणाली, माझी यादी लिहून दे, तुझं अक्षर चांगलं आहे. कसली यादी? म्हणाली, घाटांची. तुझ्यामागून प्रत्येक घाट मीही चढलेय की. या खटाऱ्यावर.
माझ्या यादीवरून नक्कल केली. सत्त्याण्णव आणि तीन. मग तिनं माझ्या यादीवर बोट ठेवलं. हे दोन तुझे खोड. त्या दोन्ही वेळी तू वाटेत पाववाल्याच्या गाडीत बसलेलास, मी सायकलवर होते.
पंचाण्णव.
खोडताना फार वाईट वाटलं. तिनं खाली ‘शपथेवर’ असं लिहून सही केली. मला कॉफी दिली. टोमणा मारला नाही, तेच लागलं.

१२ ऑक्टोबर
क्लबच्या जेवणात तिचं नाव वाचलं. मी सगळ्यांच्या आधी उभा राहिलो. माथ्यावरचा फोटो बघून शेजारच्या खुर्चीवरचा म्हणाला, फ्रेम झकास बसलीय हो वहिनींना, मापं कुणी दिली? म्हटलं, मी.

१४ ऑक्टोबर
शाझालकडे गेलो. बूट काढले. भिंतीला टेकून उभा राहिलो, पट्टी धरली. एकोणऐंशी. त्यानं दोनदा मोजलं. मग विचारलं, लिहू ना?
म्हटलं, लिहा.
मोजे नवे घातले होते. त्यानं बघितलेसुद्धा नाहीत.