परीक्षेची खाट

४ मे

आलं बोलावणं! पुढच्या आठवड्यात परीक्षा — "मावशी, तुम्ही हव्यातच." हवीच असणार. माझ्या हृदयाची झडप अरुंद आहे. छातीला डॉक्टरांची नळी नीट लावली की तिचा आवाज ऐकू येतो. म्हणून दरवर्षी मला वॉर्डात निजवतात, डॉक्टर होणारी पोरं तपासतात आणि मी हळूच सांगते, झडप बघ बाळा, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते. पोरं पास!

यंदा वॉर्डाच्या मोठ्या सरांचा मुलगा परीक्षेला बसतोय.

५ मे

गेल्या परीक्षेच्या वेळी माझी धाकटी बहीण याच वॉर्डात होती. काविळीने पिवळीजर्द, उठवत नव्हतं. मोठे सर राउंडला आले. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "ही खाट रिकामी करा. परीक्षेचे पेशंट यायचेत."

तिला घरी धाडलं. चादर बदलली आणि त्या खाटेवर निजवलं कोणाला? मला! मी इथे पोरं पास करत होते आणि ती तिकडे घरी वारली.

सरांना तिचा चेहराही आठवत नसेल. त्यांच्या वर्मी लागेल असं एकच आहे — तो पोरगा.

८ मे

कोणत्या पोराला कोणता पेशंट, ते वॉर्डातले मामा ठरवतात. त्यांना गळ घातली, सरांचा मुलगा माझ्याकडेच पाठवा. मामांना वाटलं, मी त्याचं भलं करतेय. वाटू दे.

१० मे

खोटं पाठ केलं. ताप नाही, दम नाही, सांधे कधी सुजले नाहीत. फक्त पोट दुखतं.

११ मे

आला. नाक थेट बापाचं! पण हात चोळून गरम केले, मग लावले. माझा राग जरा हलला, मी परत घट्ट धरला.

मी पोट पोट करत राहिले. बिचारा पोटातच गुंतला. छातीला नळी लावली ती नावापुरती. काही सापडेना म्हणून मान बघितली, काख चाचपली. तिथे बराच वेळ थांबला.

बाहेरगावचे परीक्षक आले. पोरगा म्हणाला, पोटात काही नाही, पण उजव्या काखेत गाठ आहे. परीक्षक हसले. "एवढी झडप कानाशी वाजतेय आणि तू गाठी शोधतोस?" पोरगा लालबुंद. मी डोळे मिटून पडून राहिले. जीव असा थंडावला की काय सांगू!

१५ मे

नापास! मोठे सर व्हरांड्यातून खाली मान घालून गेले. मी मुद्दाम दारात उभी होते.

१६ मे

तो पोरगा आला होता. आता काय हवंय याला? म्हणे, मावशी, गाठीचा तुकडा तपासायला द्या. नको म्हटलं तर हलेना. दिला एकदाचा.

२४ मे

गाठ वाईट आहे. पण वेळेत हाती लागली, वाचाल, असं डॉक्टर म्हणाले.

इतकी वर्षं इतकी पोरं पास केली मी. एकाचाही हात तिथे गेला नव्हता.